रात्री किती वेळा उठता?

हाडांच्या वॉर्डात खुबा मोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या केसपेपरवर बहुतेक एकच ओळ असते : घरी पाय घसरून पडले. ती ओळ खरी असते, पण अर्धी. मी नर्स म्हणून आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात, आणि त्या वर्षांतल्या कितीतरी रात्री अशा वॉर्डात. पायाला ट्रॅक्शन लावलेलं, दुखण्याने डोळा लागत नाही, अशा माणसाशी रात्री बोलायला सवड असते. दिवसाच्या राउंडला जे निघत नाही ते तेव्हा निघतं. "आजी, किती वाजता पडलात?" "दोन-अडीच असतील." "एवढ्या रात्री कशाला उठला होतात?" मग जरा वेळ गप्प. मग हळूच, "लघवीला."

हे उत्तर इतक्या जणांकडून ऐकलं की सकाळी पुढच्या ड्युटीच्या नर्सला ओव्हर देताना मी ते मुद्दाम सांगू लागले. हाड जोडलं जाईल, बॉल बदलला जाईल, वॉकर धरून माणूस घरीही जाईल. पण ज्या कारणाने तो रात्री दोनला अंधारात उठला, ते कारण त्याच्याबरोबरच घरी जाणार आहे. त्याची विचारपूस करणं हेही आमचंच काम आहे, असं मला तेव्हा वाटायचं, आजही वाटतं. निवृत्तीनंतर मी आसपासच्या गावांत घरी जाऊन ड्रेसिंग करते, कॅथेटर बदलते, बीपी-शुगर बघते. कशासाठीही बोलावलेलं असो, घरात साठीच्या पुढचं कुणी असलं की निघण्याआधी एक प्रश्न विचारतेच : रात्री किती वेळा उठता?

ही तक्रार घेऊन स्वतःहून दवाखान्यात येणारं माणूस विरळा. माणसं गुडघ्यासाठी येतात, बीपीसाठी येतात, डोकं जड असतं, दिवसभर मरगळ असते, कशात जीव रमत नाही म्हणून येतात. रात्रीचं विचारलं तर म्हणतात, "ते आहेच हो, वय झालं." वयाचा वाटा असतो. तरुणपणी रात्रीच्या वेळी मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावतं. म्हणून रात्री लघवी थोडी आणि गडद तयार होते, सहा-सात तास सलग झोपता येतं. वय वाढलं की रात्रीचा हा चढ उतरतो. मूत्राशयात पूर्वीइतकं मावत नाही, पुरुषांचं प्रोस्टेट वाढतं. त्यामुळे उतारवयात रात्री एकदा उठावं लागलं तर घाबरण्यासारखं काही नाही. पण दोनदा, तीनदा, चारदा उठायचं, आणि महिनोन्‌महिने उठायचं, हे वयाच्या नावावर टाकून मोकळं होऊ नये. त्यामागे शोधलं तर सापडेल असं कारण पुष्कळदा असतं, आणि ते नेहमी लघवीच्या जागेतच असतं असं नाही. पायात असतं, छातीत असतं, घशात असतं, गोळ्यांच्या डब्यात असतं.

झोपेचं नुकसान नुसत्या संख्येने मोजता येत नाही, हेही नाइट ड्युटीनेच शिकवलं. वॉर्डात फिरताना कोण वरवर पडलंय आणि कोण खरंच झोपलंय हे सवयीने ओळखू येतं. माणसाची गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात असते. दहाला झोपलेला माणूस साडेअकराला उठला, तर ती गाढ झोप मधोमध मोडते. तोच माणूस पहाटे चारला उठला तर तिचा मोठा हिस्सा पदरात पडलेला असतो. दोघंही सांगताना "एकदाच उठतो" म्हणणार; दुसऱ्या दिवशीचा त्यांचा चेहरा मात्र वेगळा असतो. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारते : पहिली जाग कधी येते? आणि त्याच्या पुढचा : परत झोप लागते का? कितीतरी जण उठून येतात, अंथरुणावर पडतात, आणि मग घड्याळाचे टोले ऐकत राहतात. काहींचं उलट असतं. गुडघ्याच्या कळेने, काळजीने, खोकल्याने जाग आधी येते आणि जागच आलीय तर जाऊन येऊ म्हणून ते उठतात. त्यांच्या मूत्राशयावर कितीही औषध केलं तरी काय उपयोग?

आमच्याकडच्या जुन्या घरांत या सगळ्यावर घराच्या बांधणीचा भार पडतो. न्हाणी मागच्या पडवीच्या टोकाला, संडास त्याहून पुढे परसात. मधे वीतभर उंचीचा उंबरठा, मग जांभ्याच्या दोन-तीन पायऱ्या. पावसाळ्यात त्या जांभ्यावर शेवाळ धरतं, वाऱ्याने वीज जाते, आणि घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, मुलगा विरार नाहीतर डोंबिवलीला. पुरुष पडवीच्या कडेला उभे राहून उरकतात. बायका मात्र जाग आली तरी उजाडायची वाट बघत पडून राहतात. लघवी दाबलेली, झोप उडालेली. ट्रेनिंगच्या काळात मी मुंबईत लालबागला नातेवाइकांच्या चाळीत राहायची. तिथे संडास गॅलरीच्या टोकाला होता, पण खोलीतच मोरी होती, आणि त्या मोरीने चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांची केवढी सोय केली होती हे मला गावी आल्यावर कळलं.

यावर बायकांनी काढलेला उपाय म्हणजे पाणीच तोडायचं. दुपारचं जेवण झालं की घोटभरही नाही. वैशाखातल्या उकाड्यातसुद्धा नाही. लघवी घट्ट होते, जळजळते, जंतुसंसर्ग होतो, आणि संसर्गाने लघवीची घाई आणखी वाढते. पोट साफ होत नाही, आणि तुंबलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. म्हणजे ज्या त्रासासाठी पाणी सोडलं तोच दुप्पट होतो. मी सांगते, दिवसाचं पाणी दिवसा पुरतं प्या, फक्त झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत हात आवरा. आणि पाणी म्हणजे तांब्यातलंच नव्हे. रात्री दात नाहीत म्हणून वाडगाभर पेज घेतात, वर कुळथाचं कळण, झोपताना चहा. ही पेज दुपारी घ्या, रात्री मऊ भात नाहीतर भाकरी कुस्करून खा, एवढ्यानेसुद्धा काहींचं एक उठणं कमी झालेलं मी पाहिलंय.

मिठाचं तसंच. पावसाळ्यात आमच्याकडे ताजी मासळी नसते, तेव्हा सुकट, खारवलेला बांगडा, लोणचं, पापड यांवर जेवण चालतं. जास्त मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि ते कधीतरी बाहेर टाकावंच लागतं. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ज्यांनी रोजचं मीठ साधारण पावणेअकरा ग्रॅमवरून आठवर आणलं, त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी 2.3 वरून 1.4 वर आलं होतं. खारी मासळी हा तिकडच्या जेवणाचाही भाग आहे, म्हणून हे आकडे मला जवळचे वाटतात. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

आता गुरुजींचं सांगते. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय पंच्याहत्तरीच्या आसपास. मी त्यांच्या पत्नीच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला जात होते. गुरुजी रात्री चार वेळा उठायचे. प्रोस्टेटची गोळी काही वर्षं चालू होती, तक्रार जशीच्या तशी. दुपारी वर्तमानपत्र हातात धरून खुर्चीतच मान टाकायचे. पत्नी म्हणाली, पूर्वी यांचा आवाज कधी चढला नव्हता, आता नातवाच्या हातून पेला सांडला तरी ओरडतात. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची मुलं सांभाळली त्याचं असं झालेलं तिला सोसत नव्हतं.

मी त्यांना मेडिकलमधून मिलीलिटरच्या खुणांचं एक प्लास्टिकचं मग आणायला सांगितलं आणि म्हटलं, तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजा आणि वेळेसकट लिहा. वॉर्डात कॅथेटर असेपर्यंत आम्ही थेंब न्‌ थेंब मोजतो, इनटेक-आउटपुटचा तक्ता तासातासाला भरतो. कॅथेटर निघालं की त्या आकड्यांत कुणाला रस उरत नाही. गुरुजींनी वहीला पट्टीने रकाने आखले : वेळ, काय प्यायलो, किती झाली. चौथा रकाना त्यांनी आपल्या मनाने घातला : जाग आधी की लघवी आधी. ती वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. सुवाच्य अक्षर, निळी शाई, रात्रीच्या नोंदीही तितक्याच नेटक्या. अकरा चाळीसला 300. दोन वाजता 350. चारला 300. सकाळी सहाला 250. आणि अख्ख्या दिवसभराची मिळून 600.

चोवीस तासांतल्या 1800 पैकी 1200 रात्रीची. म्हाताऱ्या माणसात रात्रीची लघवी, सकाळची पहिली धरून, एकूण लघवीच्या 33 टक्क्यांवर गेली तर रात्री लघवी जास्त तयार होतेय असं समजतात. इथे तर दोन तृतीयांश. प्रोस्टेटचा किंवा चिडखोर मूत्राशयाचाच त्रास असता तर प्रत्येक वेळी थोडी-थोडी झाली असती आणि दिवसाही तसाच त्रास दिसला असता. रात्री भरभरून होतेय याचा अर्थ पाणी दिवसभर कुठेतरी साठतंय. मी खाली वाकून त्यांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला. काढला तेव्हा खळगा पडलेला होता, आणि तो भरायला बराच वेळ लागला.

उभं राहून, पाय खाली सोडून बसून दिवसभर जे पाणी पायांत उतरतं ते आडवं झाल्यावर परत रक्तात येतं, आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर काढतात. हृदयाचं काम मंदावलं असेल तर असं होतं, पायांच्या शिरा कमकुवत असतील तर होतं, काही गोळ्यांनी होतं. ते शोधणं डॉक्टरांचं काम. वही घेऊन गुरुजी गेले, डॉक्टरांनी रक्त, ईसीजी, इको सगळं केलं. हृदय ठीक निघालं. बीपीसाठी ते अॅम्लोडिपिन घेत होते, तिने पायांना सूज येऊ शकते. डॉक्टरांनी ती बदलली. दुपारी तासभर पाय उशीवर वर ठेवून पडायचं, संध्याकाळी शाळेपर्यंत फेरी मारायची, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जातं. लोणचं बंद. महिन्याभराने वहीत रात्रीच्या दोन नोंदी दिसू लागल्या, आणि पहिली नोंद अकरा चाळीसवरून दोनच्या पुढे सरकली. त्या सरकण्याचं मोल मला जास्त वाटतं. दोनाचं एक काही झालं नाही, पण खुर्चीतली डुलकी गेली.

प्रत्येकाचं असं सरळ सुटत नाही. मधुमेहाची शुगर हाताबाहेर असली तर दिवसरात्र दोन्ही वेळा भरपूर होते, तिथे आधी शुगरच आणावी लागते. बायकांत पाळी गेल्यावरचे बदल, अंग बाहेर येणं, हे असतं आणि त्या ते मुलीलासुद्धा सांगत नाहीत. त्यांचं मोजायचं मग नेहमी अर्धंच भरतं. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकवते. सुजेसाठी दिलेली पाण्याची गोळी कुणी रात्रीच्या जेवणाबरोबर घेत असतं. फ्रुसेमाइड या पाण्याच्या गोळीचा असर सहाएक तास राहतो, म्हणजे ती रात्र गेलीच. डॉक्टरांना विचारून तीच गोळी दुपारी तीन-चारला घेतली की निम्मं काम होतं.

आणि घोरणं. कुंभार्ली घाटातून डंपर चालवणारा एक चाळिशीचा माणूस आईच्या इंजेक्शनसाठी मला न्यायला यायचा. रात्री तीनदा लघवीला उठतो आणि सकाळी गाडीवर झापड येते, असं सहज बोलून गेला. बायको म्हणाली, घोरता घोरता श्वासच थांबतो यांचा. झोपेत घसा मिटतो, माणूस बंद घशाविरुद्ध श्वास ओढत राहतो, त्या ओढीचा ताण हृदयावर येतो, आणि हृदय एक हार्मोन सोडतं जे मूत्रपिंडांकडून लघवी करवून घेतं. त्याच्या दुखण्याची जागा घसा होती. मी त्याला आठवडाभर घाटात गाडी घालू नको म्हणून अक्षरशः हात जोडले आणि कोल्हापूरला झोपेच्या तपासणीला धाडलं. मशीन लावून झोपायला लागला तसं उठणं एकावर आलं.

अशा वेळी पटकन हवी असते ती एक गोळी, रात्रीची लघवी थांबवणारी. डेस्मोप्रेसिन नावाचं औषध आहे आणि योग्य माणसाला ते उपयोगी पडतं. पण म्हाताऱ्या माणसांत त्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि सोडियम घसरलेलं माणूस भ्रमिष्टासारखं बोलताना, झटके येताना मी पाहिलं आहे. शेजाऱ्याला लागू पडलं म्हणून ते कुणीही स्वतःहून घेऊ नये. रक्त तपासून, डॉक्टरांच्या नजरेखालीच.

पडणं टाळण्यासाठी मी जे सांगते ते फार साधं आहे आणि तरी करून घ्यायला कठीण. जाग आली की ताडकन उठू नका. अंथरुणाच्या कडेला बसा, पावलं हलवा, डोकं ठिकाणावर आलं की उभे राहा. झोपेतून उठताना बीपी उतरतं. बीपीच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्यांनी ते आणखी उतरतं. पुरुषांनी रात्री बसून लघवी करावी, उभ्याने करता करता घेरी येऊन पडलेले मी किती सांगू! जाण्याच्या वाटेवर बारीक दिवा. आणि खाटेपाशी भांडं. या भांड्यापाशी सगळं अडतं. पुरुषांना ते आजारपणाचं निशाण वाटतं, बायकांना विटाळ वाटतो.

एक सून माझ्याकडे स्वतःचं बीपी बघायला आली होती. काजूच्या फॅक्टरीत कामाला, वय चाळीसही नसेल. डोकं सतत दुखतं म्हणाली. आकडा चांगलाच वर होता. रात्री झोप किती होते विचारलं तर डोळे भरून आले. सासूच्या खाटेखाली अंथरूण घालून झोपायची. सासूला चार वेळा उठवून, हाताला धरून, उंबरठा ओलांडून न्हाणीपर्यंत न्यायची, पाचला उठून डबे करायचे. सासूचा जीव तिच्यावर होता, तिचाही सासूवर. तक्रार करायला तोंडच नव्हतं. एका माणसाची लघवी दोन माणसांची झोप मोडते, आणि दुसऱ्या माणसाचा केसपेपर कुणी काढत नाही.

सासूबाईंना कमोडची खुर्ची सुचवली तेव्हा त्यांनी माजघरातल्या देवघराकडे बोट केलं. "बाय, देवासमोर कशी करू?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि शोधायचंही नव्हतं. त्या ज्या मर्यादेने जगत आल्या ती मोडून त्यांना शांत झोप लागली असती का? मग उलट केलं. खाटच माजघरातून हलवली, मागच्या पडवीलगतच्या खोलीत, जिथे पूर्वी नारळ ठेवायचे. गणपतीला मुलगा मुंबईहून आला तेव्हा गवंडी बोलावला. खोलीतून न्हाणीत सरळ दार पाडलं, उंबरठा काढून उतार दिला, भिंतीला हाताने धरायला पाइप बसवला, इन्व्हर्टरवर एक दिवा ठेवला. न्हाणीतच बसायला खुर्चीचा कमोड. लघवी तपासली तर संसर्ग निघाला, त्याचं औषध झालं. पेज दुपारवर गेली.

सासूबाई अजून दोनदा उठतात, पण एकट्या जाऊन येतात. सून आता माळ्यावर मुलांपाशी झोपते. तिची बीपीची गोळी चालू आहे, आकडे उतरलेत, महिन्यातून एकदा बघते. ते दार आणि तो पाइप बघायला वाडीतल्या बायका येऊन गेल्या. त्यातल्या दोघींनी आपापल्या मुलांना फोन केलेत. एकीचा दिवाळीला येतोय, गवंड्याला तिने आतापासून सांगून ठेवलंय.